घरासाठी चांगल्या प्रतीचं व्हिनाइल प्लँक फ्लोअरिंग कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिनाइल प्लँक आतून कशी असते?

चार-पाच थर एकावर एक दाबून एक फळी तयार होते. सगळ्यात वर पॉलियुरेथेनचं पातळ कोटिंग, त्याखाली पारदर्शक पीव्हीसीचा वेअर लेअर, त्याखाली लाकडाची किंवा दगडाची नक्षी छापलेली फिल्म, मग कोअर म्हणजे फळीचा गाभा, आणि काही प्रकारांत तळाला फोमचं किंवा कॉर्कचं पॅड. डोळ्यांत भरते ती छापील फिल्म. पण फळी किती वर्षं टिकणार हे तिच्या वरच्या थरावर ठरतं, आणि सपाट राहणार की नाही हे गाभ्यावर. म्हणून आधी वेअर लेअर, गाभा आणि कडेचं लॉक (फळ्या एकमेकींत अडकवणारी जीभ आणि खाच) तपासा. रंग आणि डिझाइन त्यानंतर.

एसपीसी, डब्ल्यूपीसी आणि चिकटवायची प्लँक यांतलं काय घ्यावं?

एसपीसीचा (स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट) गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा असतो. तो घट्ट आणि जड असतो. ५ मिमी जाडीच्या एक चौरस मीटर एसपीसीचं वजन साधारण १० किलो भरतं. टेबल-कपाटाच्या पायांनी त्यावर सहजासहजी पोचा पडत नाही आणि तापमान बदललं तरी तो फारसा हलत नाही. चालताना मात्र तो कडक लागतो आणि खाली चांगलं पॅड नसेल तर टकटक आवाज येतो.

डब्ल्यूपीसीचा (वुड प्लास्टिक कॉम्पोझिट) गाभा फुगवलेला, म्हणजे आत बारीक हवा असलेला असतो. त्यामुळे तो हलका, पायाला मऊ आणि कमी आवाजाचा. त्याच कारणाने जड फर्निचरखाली तो दबतो.

चिकटवायची प्लँक २ ते ३ मिमी जाडीची आणि लवचिक असते. पूर्ण पृष्ठभाग गोंदाने धरलेला असल्यामुळे ती सरकत नाही, पोकळ वाजत नाही, आणि मोठ्या सलग खोलीतही प्रसरणासाठी मध्ये पट्टी द्यावी लागत नाही. पण खालच्या जमिनीतला वाळूचा कणसुद्धा काही दिवसांत वर उमटतो.

बहुतेक घरांसाठी एसपीसी हीच सुरक्षित निवड आहे. बेडरूममध्ये पायाला मऊपणा हवा असेल तर डब्ल्यूपीसी. खोली फार मोठी असेल, सामान जड असेल आणि कारागीर खरोखर हुशार असेल, तर चिकटवायच्या प्लँकला तोड नाही.

८ मिमीची फळी ५ मिमीपेक्षा चांगलीच असणार ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पेटीवर छापलेल्या जाडीत बऱ्याचदा खालचं पॅडही धरलेलं असतं. ६.५ मिमीच्या फळीत १.५ मिमी पॅड असेल तर गाभा आणि वरचे थर मिळून ५ मिमीच उरतात. शिवाय गाभा फुगवून जाडी वाढवणं सोपं असतं, त्याने मजबुती वाढत नाही. ०.५ मिमी वेअर लेअर असलेली ५ मिमीची घट्ट एसपीसी ही ०.२ मिमी वेअर लेअरच्या ८ मिमी फळीपेक्षा कितीतरी जास्त टिकते.

जाडीचा उपयोग एका ठिकाणी खरा आहे. फळी जाड असली की लॉकच्या जिभेला आणि खाचेला जास्त माल मिळतो. एसपीसीत पॅड सोडून ४ मिमीच्या खाली जाऊ नका. त्याहून पातळ फळीचं लॉक फारच नाजूक असतं.

वेअर लेअर किती हवा?

हा आकडा मिमीमध्ये किंवा ‘मिल’मध्ये दिलेला असतो. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. मिल आणि मिलिमीटर यांत गल्लत करू नका: १२ मिल म्हणजे १२ मिमी नव्हे, जेमतेम ०.३ मिमी.

कमी वापराच्या बेडरूमला ०.३ मिमी चालतो. हॉल, स्वयंपाकघर, जिना उतरल्यावरची जागा, प्रवेशद्वाराजवळचा भाग, किंवा घरात कुत्रा असेल तर ०.५ ते ०.५५ मिमी म्हणजे २० ते २२ मिल घ्या. ०.१५ किंवा ०.२ मिमीची फळी भाड्याच्या खोलीत थोड्या काळासाठी ठीक, कायमच्या घरात नको. एका मजल्यावर सगळीकडे एकच डिझाइन हवं असेल तर सर्वांत जास्त वर्दळीच्या जागेला लागेल तोच वेअर लेअर सगळीकडे घ्या.

युरोपीय पद्धतीच्या डेटाशीटवर (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकावर) वापराचा वर्गही दिलेला असतो. २१, २२, २३ हे घरगुती वापराचे चढते वर्ग, ३१ पासून पुढे व्यावसायिक. २३/३१ लिहिलेली फळी साधारण ०.३ मिमीची असते, २३/३३ लिहिलेली बहुधा ०.५५ मिमीची.

आणखी एक गोष्ट: जाड वेअर लेअर म्हणजे ओरखडे पडणारच नाहीत असं नाही. वेअर लेअर फळीची झीज रोखतो. बारीक ओरखडे सोसतं ते वरचं कोटिंग. म्हणून कोटिंगमध्ये सिरॅमिक किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण आहेत का हे वेगळं विचारा.

दुकानात फळी हातात आल्यावर काय काय तपासावं?

हातभर नमुन्यावर निर्णय घेऊ नका. बंद पेटीतल्या पूर्ण लांबीच्या फळ्या बघायला मागा, आणि शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या पेट्यांमधल्या.

आधी सपाटपणा. फळी काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या सपाट टेबलावर ठेवा आणि डोळा टेबलाच्या पातळीवर आणून कडेने बघा. टोकं उचललेली दिसली किंवा मध्ये उजेड दिसला, तर ती फळी बसवल्यावरही तशीच राहायचा प्रयत्न करणार आणि सगळा ताण लॉकवर येणार.

मग लॉक. दोन पेट्यांमधली एकेक फळी जोडा आणि सांध्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं तर एक फळी किंचित वर आहे. कारखान्यात कडा कापणाऱ्या यंत्राची अचूकता इथे कळते. जोडलेल्या दोन्ही फळ्या एका टोकाने उचलून हलक्या हाताने हलवा. सांधा उघडता कामा नये. तीन-चार वेळा जोडून-सोडून जिभेकडे नीट बघा. जिभेचे टवके उडाले असतील, कड भुगा होऊन बोटाला लागत असेल, तर गाभ्यात चुनखडी जास्त आणि पीव्हीसी कमी आहे. टाकाऊ तुकडा मिळाला तर त्याची जीभ अंगठ्याने दाबून मोडून बघा. चांगली जीभ मोडण्याआधी थोडी वाकते. हलक्या प्रतीची जीभ बिस्किटासारखी कट्कन तुटते. म्हणूनच फळी जड आहे एवढ्यावर खूश होऊ नका. प्रमाणाबाहेर चुनखडी घालूनही वजन वाढतं.

कापलेल्या कडेकडे उजेडात बघा. गाभा सलग आणि एकसारखा हवा. बुडबुडे, थरांमधल्या फटी किंवा वेगवेगळ्या रंगांचे कण दिसले तर टाकाऊ माल मिसळलेला असू शकतो. अशा मालाचं आकुंचन-प्रसरण एका पेटीपासून दुसरीपर्यंत सारखं राहत नाही. नुसता करडा रंग मात्र दोष नव्हे.

व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) असेल तर चार फळ्यांची रुंदी मोजा. इथे ०.२ मिमीचा फरकसुद्धा पुढे त्रास देतो, कारण तो ओळीगणिक साठत जातो आणि टोकांच्या सांध्यांना फटी पडतात.

शेवटी नक्षी. दहा-बारा फळ्या जमिनीवर पसरून एकच गाठ किंवा एकच रेघ किती वेळा दिसते ते मोजा. हलक्या मालात पाच-सहाच वेगळी चित्रं असतात आणि खोलीभर तीच गाठ डोळ्यांत खुपत राहते. पृष्ठभागाचा खडबडीतपणा छापील रेषांवर बरोबर बसतो का, कडेचा उतार रंगवलेला आहे का, हेही बघा. रंग न दिलेल्या उतारात गाभ्याचा वेगळा रंग दिसतो.

डेटाशीटवर कोणते आकडे वाचायचे?

पहिला आकडा मितीच्या स्थिरतेचा. फळी ८० अंश सेल्सियसला ६ तास तापवून, पुन्हा थंड झाल्यावर तिची लांबी-रुंदी किती टक्के बदलली हे त्यात दिलेलं असतं. ०.१ टक्का म्हणजे १२०० मिमी लांबीवर १.२ मिमी, ०.२५ टक्के म्हणजे ३ मिमी. चिकटवायच्या फळीला गोंद धरून ठेवतो, म्हणून तिला ०.२५ टक्क्यांपर्यंत सूट असते. क्लिक लॉकच्या, म्हणजे गोंदाशिवाय कडेच्या लॉकने जोडायच्या, फळीत ०.१ टक्क्यापेक्षा जास्त बदल असेल तर दुसरी बघा. त्याच चाचणीत फळीची टोकं किती उचलली गेली तेही दिलेलं असतं, ते २ मिमीच्या आत हवं.

दुसरा आकडा दाबाच्या खुणेचा: वजन काढल्यावर किती खोल खूण उरली. ०.१ मिमी किंवा कमी असेल तर चांगलं. घसरण्याबद्दल आर९, आर१० असे दर्जे असतात. स्वयंपाकघरासाठी आर१० घ्यावा.

हे आकडे विक्रेता देऊ शकत नसेल तर दुसरीकडे बघा. माल चांगला असेल तर कागदही असतो.

वास येतो, तो आरोग्याला घातक आहे का?

पेटी उघडल्यावर थोडा वास येणं स्वाभाविक आहे आणि हवा खेळती ठेवल्यावर काही दिवसांत तो जातो. डोकं दुखेल इतका उग्र वास असेल तर मात्र माल नाकारा. लवचिक व्हिनाइल मऊ करायला प्लास्टिसायझर वापरतात. जुन्या पद्धतीची ऑर्थोफ्थॅलेट्स मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने टाळलेली बरी; डेटाशीटवर ‘फ्थॅलेट-मुक्त’ असा स्पष्ट उल्लेख शोधा. घरातल्या हवेत काय सुटतं याची चाचणी झाल्याची खूण म्हणजे फ्लोअरस्कोअर किंवा ग्रीनगार्ड गोल्ड ही प्रमाणपत्रं. प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर असून भागत नाही, तुम्ही घेत असलेल्या मालिकेच्या नावावर हवं. चिकटवायची फळी असेल तर गोंदाचंही वेगळं विचारा.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय. मग बाथरूममध्ये चालेल?

पाण्याने फळी फुगत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सांध्यांमधून आणि भिंतीकडच्या फटीतून खाली गेलेलं पाणी तिथेच अडकतं आणि मग बुरशी व कुबट वास सुरू होतो. कोरड्या राहणाऱ्या बाथरूममध्ये, कडेच्या फटी सिलिकॉनने भरून, फळी चालते. शॉवरच्या खाली किंवा जिथे जमिनीवर पाणी ओतून धुतलं जातं तिथे टाइल्सच हव्यात. वॉशिंग मशीन गळलं आणि पाणी पसरलं तर वरून पुसून थांबू नका. स्कर्टिंग काढून कडेच्या काही ओळी उचला आणि खालची जमीन पूर्ण वाळू द्या.

खालची जमीन किती सपाट हवी आणि ती कशी तपासायची?

फळ्या कितीही महाग असोत, खाली खड्डे असतील तर त्या कुरकुरणार आणि एक दिवस लॉक तुटणार. ज्यांबद्दल तक्रारी येतात त्या जमिनींमध्ये दोष बहुतेक वेळा फळीत नसून खालच्या कोब्यात असतो.

मर्यादा अशी: ३ मीटर अंतरात ५ मिमीपेक्षा जास्त चढ-उतार नको. काही कंपन्या २ मीटरला २ मिमी इतका कडक नियम लावतात. तुमच्या फळीच्या पत्रकात दिलेलं माप पाळा. जमीन थोडी कलती असली तरी चालते, लाटा नकोत. २ मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी जमिनीवर उभी-आडवी-तिरकी फिरवा आणि पट्टीखालून टॉर्चचा उजेड सोडा. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा आणि खड्ड्याची खोली लिहा. उंचवटे ग्राइंडरने घासायचे, खड्डे सिमेंटवर आधारित लेव्हलिंग कंपाउंडने भरायचे. आधी प्रायमर न लावता कंपाउंड ओतलं तर ते पापुद्र्यासारखं सुटतं. खड्ड्यात फोमचे किंवा पुठ्ठ्याचे तुकडे घालून काम उरकणारा कारागीर असेल तर त्याला थांबवा. ते तुकडे दबतात आणि पाय पडला की फळी वर-खाली होते. क्लिक लॉकला सगळ्यात घातक काही असेल तर ही वर-खाली हालचाल.

ओल कशी ओळखायची?

साधारण ४५ सेंमी चौरसाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने पूर्ण बंद करा आणि किमान १६ तास तसाच राहू द्या. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट झाला तर ओल आहे. खोलीत दोन-तीन ठिकाणी, बाहेरच्या भिंतीजवळही, ही चाचणी करा. तुकडा कोरडा निघाला म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. नवा कोबा असेल किंवा फळी गोंदाने बसवायची असेल, तर काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणारी चाचणी करून घ्या. पत्रकातली मर्यादा सहसा ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असते. ओल असताना चिकटवलेला गोंद मऊ पडतो आणि सांध्यांतून वर येतो.

जुन्या टाइल्सवर बसवता येतं का?

येतं, टाइल्स घट्ट असतील तर. ठोकून बघा, पोकळ वाजणारी टाइल काढून ती जागा भरा. रुंद आणि खोल ग्राउट रेषाही (टाइल्समधले सांधे) भरून घ्या. गोंदाने बसवायच्या फळीखाली तर सगळ्याच रेषा भराव्या लागतात, नाहीतर महिन्याभरात टाइल्सचे चौकोन वर उमटतात. नवी जमीन फळीच्या जाडीएवढी वर येणार, तेव्हा दारं अडणार नाहीत ना हे आधी बघा.

खाली फार जुन्या व्हिनाइल टाइल्स किंवा काळा गोंद सापडला तर तो घासू किंवा खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

फळीला पॅड आहेच. खाली आणखी फोम घातला तर जास्त मऊ होईल ना?

मऊ होईल आणि लॉक तुटेल. पॅड असलेल्या फळीखाली दुसरा फोम घालू नका.

उन्हाच्या खोलीत किंवा जमिनीखालच्या हीटिंगवर चालते का?

मोठ्या काचेतून थेट ऊन येत असेल तर जमीन खोलीच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापते. क्लिक लॉकच्या फळ्या प्रसरण पावतात, आणि कडेला जागा नसली की मध्ये फुगून वर येतात. अशा खोलीत एसपीसी किंवा गोंदाने बसवलेली फळी घ्या, डब्ल्यूपीसी नको, आणि दुपारी पडदे ओढा. हीटिंग असेल तर पृष्ठभागाचं तापमान २७ अंशांच्या आत ठेवा आणि ते एकदम न वाढवता रोज थोडं-थोडं वाढवा.

माल किती मागवावा?

समजा खोली ४.२ × ३.६ मीटर आहे. क्षेत्रफळ १५.१२ चौरस मीटर. सरळ मांडणीला कापाकापीसाठी १० टक्के धरा, म्हणजे १६.६३. एका पेटीत २.२ चौरस मीटर असतील तर ७.५६, म्हणजे ८ पेट्या. तिरकी किंवा हेरिंगबोन मांडणी असेल तर १५ टक्के धरा. सगळ्या पेट्यांवर एकच बॅच नंबर आहे का हे माल उतरवतानाच बघा. दोन बॅचमध्ये रंगाची छटा बदलू शकते.

बसवताना कशावर लक्ष ठेवावं?

पत्रकात वेगळं सांगितलं नसेल तर पेट्या ४८ तास त्याच खोलीत आडव्या ठेवा, तापमान १८ ते २९ अंशांच्या दरम्यान. भिंत, खांब, पाइप आणि दाराची चौकट, सगळीकडे ६ ते १० मिमी फट हवी. चौकटीला कड चिकटवून सुबक दिसण्यासाठी फट बुजवू नका. चौकटीचा तळ करवतीने कापून फळी त्याखाली सरकवा.

पहिल्या ओळीआधी शेवटच्या ओळीचं गणित करा. खोलीची रुंदी ३४६० मिमी, दोन्हीकडे ८ मिमी फट सोडून ३४४४ उरले. १८० मिमीच्या १९ ओळी बसतात आणि शेवटी २४ मिमीची चिंधी उरते, जी नीट जोडताही येत नाही. त्याऐवजी १८० आणि २४ यांची बेरीज निम्मी करा आणि पहिली व शेवटची ओळ प्रत्येकी १०२ मिमीची ठेवा.

शेजारच्या ओळींच्या टोकाच्या सांध्यांमध्ये निदान २० सेंमी अंतर ठेवा. तीन-चार पेट्या एकदम उघडून फळ्या मिसळून लावा. हातोडा थेट फळीवर मारू नका, ठोकायचा ठोकळा वापरा. पण ड्रॉप-लॉकच्या (वरून दाबून बसवायच्या) टोकाला ठोकळाही जपून. किचनची पक्की कपाटं तरंगत्या, म्हणजे खाली न चिकटवलेल्या, जमिनीवर बसवू नका. एका बाजूला जमीन खिळली की ती दुसऱ्या बाजूला उघडते. कपाटं आधी बसवा आणि फळ्या त्यांच्या पायांपर्यंत आणा.

रोजची निगा कशी ठेवायची? डाग का पडतात?

केर काढायचा आणि सौम्य, उदासीन पीएचच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं. स्टीम मॉप नको, कारण वाफ सांध्यांत शिरते. मेण आणि ॲसिटोनही नको. रबराचा तळ असलेल्या पायपुसण्याने पिवळा-तपकिरी डाग पडतो. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये मुरतात आणि तो डाग घासून जात नाही. कापडी तळाचं किंवा व्हिनाइलसाठी सुरक्षित असं लिहिलेलं पायपुसणं घ्या. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा आणि त्यात खडा अडकला की बदला. चाकांच्या खुर्चीला मऊ चाकं हवीत.

‘आजीवन वॉरंटी’ला किती महत्त्व द्यावं?

वॉरंटी बहुधा वेअर लेअर झिजून नक्षी निघण्यापुरतीच असते. ओरखडे, पोचे, उन्हाने उडालेला रंग, सपाट नसलेल्या जमिनीमुळे तुटलेलं लॉक, हे तिच्यात सहसा येत नाही. बसवण्याआधी जमिनीच्या सपाटपणाचे आणि ओलीच्या चाचणीचे फोटो काढून ठेवा; दावा करताना पहिल्यांदा तेच मागतात.

एखादी फळी खराब झाली तर?

गोंदाची फळी हेअर ड्रायरने गरम करून उचलता येते आणि त्या जागी नवी चिकटवता येते. क्लिक लॉकमध्ये भिंत जवळ असेल तर तिथपर्यंतच्या ओळी उलगडून बदला. खोलीच्या मधोमध असेल तर खराब फळी आतून कापून काढतात, नव्या फळीच्या जिभा छाटतात आणि ती गोंदाने बसवतात. हे काम नीट जमतं, पण त्याच बॅचची फळी हाताशी हवी. म्हणून एक पूर्ण पेटी शिल्लक ठेवा: आडवी, सपाट जागी, उन्हापासून लांब, आणि बॅच नंबर दिसेल अशी.